डिझेल मोटरहोमचा इंधन फिल्टर बदलणे आणि लाइनमधील हवा काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅव्हलर, विंगर यांसारख्या व्हॅनच्या किंवा जुन्या मिनी बसच्या सांगाड्यावर मोटरहोम बांधून घेतलेल्या नाशिक परिसरातील मालकांकडून डिझेल फिल्टरविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. फिल्टर उघडला की टाकीपासून इंजिनापर्यंतच्या डिझेलच्या नळ्यांत, म्हणजे लाइनमध्ये, हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन नीट लागत नाही, म्हणून ही दोन्ही कामे एकत्रच येतात. आपल्या गाडीचे मॅन्युअल एखाद्या बाबतीत वेगळे सांगत असेल, तर मॅन्युअलच प्रमाण मानावे.

मोटरहोम वर्षभरात फारच थोडी चालते. मग किलोमीटर पूर्ण होण्याआधी फिल्टर का बदलायचा?

प्रवासी वाहतुकीच्या गाडीचा फिल्टर चालून चालून भरतो, मोटरहोमचा मात्र उभ्या उभ्या खराब होतो. जूनमध्ये अर्ध्या टाकीनिशी उभी केलेली गाडी दिवाळीला बाहेर काढली, तर मधले चार-पाच महिने टाकीतील रिकामी जागा पावसाळ्याच्या दमट हवेने भरलेली असते. दिवसरात्रीच्या तापमानातील फरकामुळे त्या हवेतील बाष्प टाकीच्या आतल्या भिंतींवर जमते आणि डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते पाणी तळाशी जाऊन बसते. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या बाजूला, जेथे पाऊस आठवडेच्या आठवडे उघडत नाही, तेथे हा प्रकार अधिक जाणवतो. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा काळपट, बुळबुळीत थर तयार होतो आणि गाडी हलली की तोच थर सुटून फिल्टरच्या कागदावर येतो.

म्हणून मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि कालावधी असे दोन्ही दिलेले असतील, तर मोटरहोमसाठी कालावधी पाळावा. कालावधी दिलेला नसेल, तर पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा फिल्टर बदलण्याचा नेम ठेवणे योग्य. गाडी पावसाळ्यासाठी उभी करताना टाकी जवळजवळ पूर्ण भरून ठेवली, तर बाष्प जमायला जागाच कमी राहते. हा उपाय स्वस्तही आहे, कारण ते डिझेल पुढे वापरायचेच असते.

फिल्टर चोंदला आहे हे कसे ओळखावे?

गाडी सपाट रस्त्यावर नीट चालते, रिकामी उभी असतानाही इंजिन सुरळीत असते, पण कसारा घाट किंवा सप्तशृंगी गडाचा चढ लागला की पिकअप जातो, हे चोंदलेल्या फिल्टरचे नेहमीचे लक्षण आहे. चढावर इंजिनाला जितके डिझेल लागते तितके फिल्टरमधून येत नाही. समृद्धी महामार्गावर बराच वेळ एकसारख्या वेगाने गाडी चालवतानाही हीच अडचण येऊ शकते. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनात, रेलमधील दाब कमी पडल्याचे इंजिनाच्या संगणकाच्या लक्षात येते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि इंजिन स्वतःहून ताकद कमी करून घेते.

येथे धुराकडे लक्ष द्यावे. ताकद कमी झाली आणि त्याबरोबर काळा धूर येत असेल, तर डिझेल पोचते आहे पण हवा कमी पडते आहे, म्हणून आधी एअर फिल्टर आणि टर्बोचे पाइप पाहावेत. ताकद कमी आणि धूर नाही, असे असेल तर संशय डिझेलच्या बाजूवर घ्यावा. मात्र बीएस ६ गाड्यांमध्ये धुराड्यातील गाळणी काळा धूर अडवून धरते, त्यामुळे तेथे या खुणेवर विसंबता येत नाही. स्कॅनर लावून रेलचा दाब पाहावा लागतो.

गाडीत एकूण किती डिझेल फिल्टर असतात?

बहुधा दोन टप्पे असतात. टाकीपासून इंजिनाकडे येताना पहिला लागतो तो पाणी वेगळे करणारा फिल्टर, ज्याच्या तळाशी वाटी आणि पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. हा साधारण १० ते ३० मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कचरा अडवतो. त्यानंतर इंजिनाजवळ बारीक फिल्टर असतो, जो २ ते ५ मायक्रॉनपर्यंत गाळतो. काही व्हॅनमध्ये दोन्ही कामे एकाच फिल्टरमध्ये केलेली असतात. जुन्या मिनी बसवर दोन वाट्यांचा जोडफिल्टर आढळतो, त्यात पहिला कापडी आणि दुसरा कागदी असतो आणि त्यांची जागा अदलाबदल करून चालत नाही. याखेरीज टाकीतील उचल-नळीच्या टोकाला जाळी असते. बऱ्याच मालकांना ती असल्याचेच ठाऊक नसते, आणि दोन्ही फिल्टर नवे असूनही डिझेल कमी येत असेल तर दोष बहुतेक वेळा तेथे सापडतो.

माझे इंजिन जुन्या पंपाचे आहे की कॉमन रेलचे, याने काय फरक पडतो?

सगळा फरक यानेच पडतो. जुन्या यांत्रिक पंपात प्रत्येक नोझलला (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीला) वेगळा पाइप जातो आणि नोझल साधारण १५० ते २५० बार दाबाला उघडते (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा दाब). कॉमन रेलमध्ये एकाच जाड नळीत सर्व नोझलसाठी दाबाखाली डिझेल साठवलेले असते आणि पूर्ण भाराखाली तो दाब दीड हजार बारच्या वर जातो. पहिल्या प्रकारात नोझलचा नट सैल करून हवा काढणे ही रूढ पद्धत आहे. दुसऱ्या प्रकारात तीच कृती जिवावर बेतू शकते. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, परंतु आत गेलेले डिझेल ऊतींचा नाश करत जाते. अशी जखम झाल्यास घरगुती उपचारात वेळ न घालवता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि दाबाखालचे डिझेल आत गेले आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

स्वच्छतेच्या बाबतीतही हाच फरक लागू होतो. सातपूरच्या बॉश कारखान्यात, ज्याला जुने नाशिककर आजही मायको म्हणतात, नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. अशा भागांतील हलत्या पृष्ठभागांमधली फट काही मायक्रॉनच असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर फिल्टर बदलताना बोटावरून पडलेला धुळीचा कण तेथे केवढा ठरेल याची कल्पना यावी.

काम सुरू करण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना उभी करावी आणि टाकी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. बॅटरी पूर्ण चार्ज असावी. डिझेल टाकीतून कोठून निघते, कोणत्या फिल्टरमधून कोठे जाते, हँड पंप (लाइनमध्ये हाताने डिझेल ओढणारा छोटा पंप) कोठे आहे आणि हवा बाहेर पडण्याचा स्क्रू कोणता, हे सर्व फिल्टर सोडण्याआधी डोळ्यांनी पाहून घ्यावे, शक्य तर मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. हवा कोणत्या वाटेने बाहेर पडणार आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने लाइन उघडू नये, असे आमचे मत आहे.

मोटरहोममध्ये आणखी एक गोष्ट आवर्जून पाहायची असते. आत गॅसची शेगडी असते, काही गाड्यांत गॅसवर चालणारा फ्रिज किंवा पाणी तापवण्याचे यंत्रही असते. ही सर्व उपकरणे आणि जनरेटर बंद करावेत, सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरपाशी बंद करावा. डिझेल सहज पेट घेत नाही, या समजावर फार भरवसा ठेवू नये. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि मे महिन्यात नाशिकचा पारा त्याच्या वर असतो.

काही व्हॅनमध्ये इंजिनाचे झाकण चालकाच्या शेजारी, केबिनच्या आतच उघडते. तेथे खाली जाड प्लास्टिक आणि त्यावर चिंध्या अंथराव्यात. गालिच्यात मुरलेला डिझेलचा वास कित्येक आठवडे जात नाही, आणि झोपायची जागा तेथून दोन हातांवर असते. बेल्ट, अल्टरनेटर आणि रबरी पाइप यांवर डिझेल सांडू नये म्हणून तेही झाकून घ्यावेत.

जुना फिल्टर काढण्याचा क्रम काय?

फिल्टरच्या भोवतीची धूळ आधी ब्रशने आणि डिझेलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी. फिल्टर सोडल्यानंतर पुसायला घेतले, तर तीच धूळ उघड्या तोंडात जाते. टाकी फिल्टरपेक्षा उंच असेल तर लाइनचा कॉक बंद करावा, नाहीतर डिझेल वाहत राहील. काम झाल्यावर हाच कॉक उघडायचा राहून जातो आणि पुढचा अर्धा तास हवा काढण्यात वाया जातो, म्हणून कॉक बंद करताच गाडीची चावी त्याच्यापाशी ठेवावी.

त्यानंतर तळाचा स्क्रू उघडून वाटीतील डिझेल एका स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे आणि बाटली तशीच उभी ठेवावी. काही मिनिटांनी पाणी खाली बसलेले दिसेल. पाणी किती आहे यावरून टाकीची अवस्था समजते. पाण्याच्या सेन्सरची वायर किंवा फिल्टर गरम करण्याच्या हीटरची वायर असल्यास ती सोडावी आणि मगच पट्ट्याच्या पान्याने फिल्टर फिरवावा. फिल्टर निघाल्यावर जुनी रबर रिंग त्याच्याबरोबर आली आहे का, हे बोट फिरवून तपासावे. ती वर चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी रिंग बसली, तर तेथून हवा हमखास शिरते.

नवा फिल्टर डिझेलने भरून बसवावा का?

गॅरेजमध्ये सर्रास भरून बसवतात, आणि जुन्या यांत्रिक पंपांच्या गाड्यांमध्ये त्याने सहसा बिघडतही नाही. परंतु कॉमन रेल इंजिनाच्या बारीक फिल्टरबाबत अनेक उत्पादक स्पष्ट मनाई करतात. कारण असे की कॅनमधून ओतलेले डिझेल गाळलेले नसते आणि फिल्टरच्या मधल्या भोकातून ते ओतले, तर ते गाळून निघालेल्या बाजूला पडून थेट पंपाकडे जाते. फिरवून बसवायच्या फिल्टरमध्ये डिझेल बाहेरच्या लहान भोकांतून आत येते, कागदातून गाळले जाते आणि मधल्या मोठ्या भोकातून बाहेर पडते. त्यामुळे मॅन्युअल परवानगी देत असेल आणि भरायचेच असेल, तर मधले भोक स्वच्छ झाकणाने बंद करून फक्त बाहेरच्या भोकांतून, सीलबंद स्वच्छ भांड्यातील डिझेल हळूहळू भरावे. हँड पंप किंवा टाकीतील विजेचा पंप असलेल्या गाडीत बारीक फिल्टर कोरडाच बसवून पंपाने भरावा, हेच आम्हाला योग्य वाटते. चार-पाच मिनिटे जास्त जातात, पण इंजेक्टरच्या किमतीपुढे त्यांचा हिशेब मांडण्यासारखा नाही.

फिल्टर किती घट्ट करावा?

रिंगला स्वच्छ डिझेलचे बोट लावावे, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवावे आणि त्यानंतर फिल्टरवर छापलेल्या सूचनेप्रमाणे, बहुधा अर्धा ते पाऊण फेरा, हातानेच आवळावे. पान्याने आवळल्यास रिंग चिरडते. तळाचा स्क्रू आणि प्लास्टिकची वाटी यांना तर हलक्या हातानेच घट्ट करावे. बँजो बोल्ट (पाइप जोडणारे, मधून डिझेल जाणारे पोकळ बोल्ट) सोडले असतील तर त्यांचे तांब्याचे वायसर नवे घालावेत.

कॉमन रेल गाडीत हवा कशी काढावी?

गाडीत टाकीतील विजेचा पंप असेल, तर चावी ऑनवर आणून सेल्फ न मारता थांबावे. पंप काही सेकंद चालून बंद होतो. चावी बंद करून पुन्हा ऑन करावी आणि असे सहा ते आठ वेळा करावे. पंपाचा आवाज सुरुवातीला मोकळा, घरघरता असतो आणि लाइन भरत आली की दबका होतो.

हँड पंप असेल, म्हणजे फिल्टरच्या डोक्यावरचे बटण किंवा लाइनमधला रबरी फुगा, तर आधी फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू एक-दोन आटे सैल करावा, त्याखाली फडके धरावे आणि पंप मारत राहावे. पहिल्यांदा नुसती हवा, मग फेस आणि शेवटी बुडबुड्यांशिवाय अखंड डिझेल येईल. तसे आले की पंप दाबलेला असतानाच स्क्रू बंद करावा. दाब सोडल्यानंतर स्क्रू बंद केला तर काढलेली हवा परत आत ओढली जाते, आणि केलेल्या कामावर पाणी पडते. स्क्रू बंद केल्यावर पंप हाताला कडक लागेपर्यंत मारावा.

येथपर्यंतचे सर्व काम कमी दाबाच्या बाजूचे आहे. उच्च दाबाचा पंप, रेल आणि इंजेक्टर यांचा एकही नट सोडायचा नाही. त्या भागात उरलेली हवा सेल्फ मारल्यावर इंजेक्टरच्या परतीच्या पाइपातून टाकीकडे निघून जाते. इंजिन लागल्यावर एक-दोन मिनिटे थोडे अडखळेल, त्या काळात ॲक्सिलरेटर देऊ नये.

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत काय वेगळे करायचे?

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांना ही पद्धत शिकवावी लागत नाही, कारण बहुतेकांनी ती ट्रॅक्टरवर केलेली असते. फीड पंपावरील (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणाऱ्या पंपावरील) हँड पंपाचा दट्ट्या फिरवून मोकळा करावा. क्रम टाकीकडून नोझलकडे असा ठेवावा: पहिल्या फिल्टरचा स्क्रू, मग दुसऱ्या फिल्टरचा आणि त्यानंतर मुख्य पंपावरचा. प्रत्येक ठिकाणी अखंड डिझेल आल्याखेरीज पुढे जाऊ नये, कारण मागे राहिलेला एक बुडबुडा पुढचे सारे काम फुकट घालवतो. एवढ्यावर बहुतेक इंजिने लागतात.

न लागल्यास दोन नोझलांचे नट अर्धा ते एक फेरा सैल करून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. नटापाशी डिझेल ठिबकू लागले की ते आवळावेत. यांत्रिक पंपाचा दाबही कातडी फाडण्याइतका असतो, म्हणून हात दूर ठेवावा, डोळ्यांवर चष्मा असावा आणि गळती बोटाने न चाचपता पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. शेवटी दट्ट्या पुन्हा फिरवून घट्ट करायला विसरू नये, तो सैल राहिला तर हवा तेथूनच शिरते.

नुसता सेल्फ मारत राहिले तर हवा आपोआप निघणार नाही का?

कधीकधी निघते, पण त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. सेल्फची मोटर तापते, बॅटरी उतरते आणि सर्वांत वाईट म्हणजे उच्च दाबाचा पंप कोरडा फिरतो. या पंपाला वेगळे ऑइल नसते, त्यातून जाणारे डिझेलच त्याचे वंगण असते. कोरड्या पंपातून सुटलेली धातूची भुकटी रेल आणि इंजेक्टरपर्यंत गेली, तर संपूर्ण प्रणाली बदलण्याची वेळ येते. सेल्फ एका वेळी १५ ते २० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान दोन मिनिटे थांबावे. तीन-चार प्रयत्नांत इंजिन लागले नाही तर पुन्हा हँड पंपाकडे वळावे.

सेल्फ मारताना धुराड्याकडे कोणाला तरी उभे करावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल नोझलपर्यंत पोचले आहे, थोडा धीर धरावा. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचलेलेच नाही, आणि सेल्फ मारण्यात अर्थ नाही. ईथरचा स्प्रे मारून इंजिन लावण्याचा मोह टाळावा, हीटर प्लग (थंड इंजिन लावताना सिलिंडरमधील हवा तापवणारा प्लग) असलेल्या इंजिनात तो स्फोटाला निमंत्रण देतो.

हँड पंप कितीही मारला तरी कडक होत नाही. दोष कोठे असेल?

टाकी आणि पंप यांच्यामधल्या भागात. या भागातील डिझेल दाबाने ढकलले जात नाही, ओढले जाते, त्यामुळे गळती असली तरी बाहेर थेंब दिसत नाही, उलट हवा आत शिरते. उसाच्या रसाच्या ग्लासातील नळीला वरच्या बाजूस बारीक भोक असले की रस वर येत नाही, नुसती हवा येते, तसाच हा प्रकार आहे. कोरडा आणि स्वच्छ दिसणारा सांधा म्हणून निर्दोष समजू नये.

आधी सोप्या गोष्टी पाहाव्यात: कॉक उघडा आहे का, टाकीत डिझेल खरोखर आहे का, फिल्टरची रिंग नीट बसली आहे का, तळाचा स्क्रू बंद आहे का. त्यानंतर रबरी पाइपांच्या क्लिपा आणि पाइपांना पडलेल्या भेगा. नाशिकच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर ताठर होते आणि ताठर पाइप क्लिप आवळूनही नळीवर नीट बसत नाही. तरीही दोष सापडत नसेल, तर फिल्टरच्या आधी आणि नंतर डिझेलला चालणाऱ्या पारदर्शक पाइपचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडावा. फिल्टरच्या आधीच बुडबुडे दिसले तर दोष टाकीच्या बाजूला आहे. आधी स्वच्छ डिझेल आणि नंतर बुडबुडे असतील तर दोष फिल्टरच्या बैठकीत आहे. बुडबुडे कोठेच नसतील आणि पंप तरीही मऊ असेल, तर हँड पंपाच्या आतील झडप गेली आहे.

गाडी दिवसभर चालते, पण रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी लवकर लागत नाही. फिल्टर बदलल्यापासूनच असे होते.

रात्रीतून कोठून तरी बारीक हवा शिरते आणि लाइनमधील डिझेल मागे टाकीत उतरते. बहुतेक वेळा कारण रिंग, बँजोचे वायसर किंवा न आवळलेला दट्ट्या हेच असते. परतीच्या पाइपातील गळतीही हाच परिणाम करते, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एक सोपी परीक्षा आहे. एका रात्री गाडीचे तोंड उताराकडे आणि दुसऱ्या रात्री चढाकडे ठेवून उभी करावी. टाकी मागे असलेल्या गाडीत तोंड चढाकडे असताना त्रास वाढला, तर डिझेल मागे उतरते आहे हे नक्की समजावे. दोन्ही रात्री सारखाच त्रास झाला तर हीटर प्लग आणि बॅटरीही तपासावी.

नवा फिल्टर टाकून थोडेच अंतर गेलो आणि तो पुन्हा चोंदला. असे का होते?

टाकी घाण आहे म्हणून. फिल्टर आपले काम चोख करतो आहे. जुना फिल्टर कापून कागद उलगडून पाहावा. काळा बुळबुळीत थर आणि आंबूस वास असेल तर सूक्ष्मजीव आहेत, तांबूस भुकटी असेल तर टाकी गंजली आहे. दोन्ही बाबतींत टाकी उतरवून धुणे हाच खरा उपाय आहे. सूक्ष्मजीव मारणारे औषध मिळते, पण मेलेला थरही शेवटी फिल्टरवरच येतो, त्यामुळे औषधानंतरही एक-दोन फिल्टर जादा लागतात. लांबच्या प्रवासाला निघताना दोन्ही फिल्टरांचा एक जादा संच, पट्ट्याचा पाना आणि रिंगा गाडीत ठेवाव्यात.

मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून निघालेले टँकर आपल्या भागातील पंपांवर रिकामे होताना आपण पाहतो. टँकर रिकामा होत असताना पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतील गाळ ढवळला जातो, म्हणून त्या वेळी डिझेल भरणे टाळावे. ज्या पंपावर दिवसभर ट्रकची रांग असते तेथील साठा ताजा राहतो.

निफाडच्या थंडीत सकाळी इंजिन लागून बंद पडते. हा फिल्टरचा दोष आहे का?

असू शकतो, पण कारण वेगळे असते. डिझेलमध्ये मेण असते आणि थंडीत त्याचे स्फटिक होऊन ते फिल्टरच्या कागदावर बसते. भारतीय मानकात डिझेल कोणत्या तापमानापर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे, याची मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश अशी वेगवेगळी ठेवलेली आहे. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत ६ अंशांच्या खाली जातो, हे बागायतदारांना सांगायला नको. त्यात मोटरहोममध्ये मे महिन्यात भरलेलेच डिझेल अजून शिल्लक असेल तर अडचण लवकर येते. अशा वेळी फिल्टर बदलून उपयोग नाही. ऊन वर येऊ द्यावे, फिल्टरवर कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके गुंडाळावे आणि पुढे हिवाळ्यात भरलेले डिझेल मिसळावे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना सल्ला कॉमन रेल गाडीत पाळू नये, त्याने पंपाचे वंगण कमी होते.

त्याच टाकीवर जनरेटर आणि केबिनचा डिझेल हीटर चालतो. त्यांचे काय?

दोघांच्या लाइन आणि फिल्टर वेगळे असतात, म्हणून इंजिनाचा फिल्टर बदलल्याने त्यांच्यात हवा शिरत नाही. टाकी पूर्ण रिकामी झाली किंवा उतरवली असेल, तर मात्र त्यांचीही हवा काढावी लागते. हीटरचा छोटा पंप थेंबाथेंबाने डिझेल ओढतो, त्यामुळे पहिले दोन-तीन प्रयत्न फसतात आणि त्यानंतर यंत्र स्वतःला कुलूप लावून घेते. ते कसे उघडायचे हे मॅन्युअलमध्ये पाहावे. नव्याने टाकी बसवत असाल तर जनरेटरची उचल-नळी इंजिनाच्या नळीपेक्षा आखूड ठेवून घ्यावी, म्हणजे जनरेटर रात्रभर चालून बंद पडला तरी पेट्रोल पंपापर्यंत जाण्याइतके डिझेल उरते.

रस्त्यात डिझेल संपले तर पाच लिटर ओतून गाडी लागेल का?

पाच लिटर बहुधा पुरत नाही. रुंद आणि उथळ टाकीत तेवढे डिझेल तळाशी पसरते आणि उचल-नळीपर्यंत पोचत नाही, विशेषतः गाडी उतारावर असेल तर. पंधरा-वीस लिटर ओतून वर सांगितल्याप्रमाणे हवा काढावी. टाकी तळापर्यंत गेल्याने गाळही ओढला गेलेला असतो, म्हणून लवकरच फिल्टरमधील पाणी आणि कचरा तपासावा. बीएस ६ गाडीत घाईघाईत डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचा युरियाचा द्रव) डिझेलच्या टाकीत ओतले गेले, तर चावीही ऑन न करता गाडी टो करून न्यावी.

जुना फिल्टर आणि निघालेले डिझेल कोठे टाकावे?

गटारात किंवा नाल्यात नाही, कारण नाशिकचे नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात. फिल्टर निथळू द्यावा आणि वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे डिझेलसह द्यावा.

सर्व करूनही इंजिन लागत नाही. कोणाकडे जावे आणि काय सांगावे?

यांत्रिक पंपाची गाडी असेल तर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कोणताही अनुभवी कारागीर पुरेसा आहे. कॉमन रेल गाडीसाठी मात्र स्कॅनर असलेले पंप-नोझलचे वर्कशॉप गाठावे. तेथे इंजेक्टर काढायला लावण्याआधी दोन गोष्टी मोजून घ्यायला सांगाव्यात. एक, सेल्फ मारताना रेलमध्ये किती दाब तयार होतो. बहुतेक प्रणालींमध्ये तो साधारण दोनशे बारच्या आसपास पोचल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडतच नाही. दोन, प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीतून किती डिझेल येते. एका नळीतून इतरांपेक्षा फार जास्त डिझेल येत असेल, तर तो इंजेक्टर दाब गळू देतो आहे आणि फिल्टर बदलण्याशी त्याचा संबंध नसू शकतो. परतीचे डिझेल सर्वांचे सारखे आणि दाब तरीही कमी असेल, तर पुन्हा ओढीच्या बाजूची हवा शोधावी आणि त्यानंतरच उच्च दाबाच्या पंपाला हात लावू द्यावा.